सानपाडा सोडून कुठंही

आईच्या हातातून कोयता पडला तेव्हा मी समोरच बसले होते. रविवारची सकाळ होती, घणसोली गावातला आमचा ओटा, समोर ताटात बांगडे. कोयता पडला आणि लादीचा टवका उडाला. आई म्हणाली, "हात वला व्हता." चाळीस वर्षं मासळी विकणाऱ्या बाईचा हात ओलाच असतो, त्यात नवीन ते काय? पण मी चहा पीत होते आणि वाद घालायची इच्छा नव्हती. "पुसून घे मग," एवढंच म्हटलं.

त्यानंतर आठवडाभरात तिच्या हातून एक तांब्या, लोणच्याची बरणी आणि माझा मोबाइल पडला. मोबाइल पडल्यावर मी लक्ष घातलं, हे कबूल करते. तरी आई ऐकेना. बरणी तेलकट होती, मोबाइल गुळगुळीत होता, प्रत्येकाचं कारण तयार. मग एका सकाळी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "बाय, ह्ये हूक लाव गं." ब्लाउजचे हूक. माझ्या आईनं आयुष्यात कुणाला हूक लावायला सांगितलेलं नाही. तिच्या उजव्या हाताची बोटं हुकापर्यंत जात होती आणि तिथं गेल्यावर काय करायचं ते विसरत होती. मी हूक लावले. मग उगाचच तिचा पदरही सारखा केला.

घरात आम्ही दोघीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं मला जेवढी ठाऊक आहेत त्याहून जास्त आमच्या आळीला ठाऊक आहेत. मी पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. तिथं बाटल्यांची झाकणं बनतात. आई सानपाड्यात मासळी विकते. आधी पाटी डोक्यावर घेऊन सोसायट्या पालथ्या घालायची, गुडघे कुरकुरायला लागल्यावर तिनं एका कोपऱ्यावर ठिय्या दिला. गिऱ्हाइकं तिच्या मागोमाग कोपऱ्यावर आली.

आईच्या धंद्याची एक रीत आहे, ती आधी सांगायला हवी. ती गिऱ्हाइकाचं नाव विचारत नाही. वीस-वीस वर्षं येणाऱ्या माणसाचंही नाव तिला माहीत नसतं. तिच्या लेखी जो तो आपापल्या मासळीचा असतो. एक बोंबीलवाले काका, एक मुंडकीवाला, एक कोलंबीवाली नवीन सून (तिची मुलं आता कॉलेजात आहेत, तरी ती नवीन सूनच), आणि दर बुधवारी येणारी घोळवाली बाई. कोण बँकेत आहे, कोण शाळेत शिकवतं, कुणाचा नवरा काय करतो, याच्याशी आईला देणंघेणं नाही. संध्याकाळी घरी येऊन ती जगाच्या बातम्या देते त्या अशा: "बोंबीलवाल्याचे पोरीचा लगीन ठरला. मुंडकीवाला आजारी हाय." मी लहानपणापासून हे ऐकत आलेय, त्यामुळे मला यात कधी काही विचित्र वाटलंच नाही.

आणि ही माणसं तिच्याकडे का येतात? मासळी ताजी असते म्हणून म्हणावं, तर शेजारी बसणारी बाईही त्याच धक्क्यावरून माल आणते. माणसं येतात ती आईच्या कापण्यासाठी. घोळीसारख्या दांडग्या माशाचे ती असे सारखे तुकडे पाडायची की एकावर एक ठेवले तर मधल्या फटीत बोट जाऊ नये. काटा कुठं आहे ते तिच्या हाताला न बघता कळायचं. तेव्हा हूक लावताना मला जी भीती वाटली ती नुसत्या आजारपणाची नव्हती. हा हात गेला तर आईचं काय उरणार, हे मला कळत होतं. तिला तर माझ्या आधीच कळलं होतं. तिनं बाजारातल्या शेजारणीला सांगून ठेवलं, "मी उरनला बहिनीकरं गेलेय म्हनून सांग," आणि घरी बसली. उरणची बहीण त्या आठवड्यात आमच्याकडेच येऊन भात जेवून गेली.

माझ्या पगारातून दर महिन्याला कामगार विम्याचे पैसे कापले जातात. त्या कार्डावर माझ्या खाली आईचा फोटो आहे, पोलिसांनी पकडून आणल्यासारखा. तेच कार्ड घेऊन आम्ही विम्याच्या दवाखान्यात गेलो, तिथून विम्याच्या मोठ्या इस्पितळात. तिथले डॉक्टर तरुण आणि थकलेले होते. त्यांनी आईच्या कोपरावर, मनगटावर छोटी हातोडी मारून बघितली, मान इकडे तिकडे वळवली आणि म्हणाले, "त्रास हाताचा नाही, मानेचा आहे. मणक्यात नस दबत असणार. एमआरआय करून आणा. आणि लवकर करा. दबलेली नस जितकी जास्त दिवस तशी राहील तितका हात परत येणं अवघड."

"इथंच होईल ना?" मी विचारलं.

"इथं मशीन नाही. बाहेर पाठवतो. आमच्या यादीतलं सेंटर बघा, कार्डावर होईल."

यादी खिडकीशेजारच्या भिंतीवर चिकटवली होती. झेरॉक्सची झेरॉक्स, आणि फोन नंबरांच्या ऐन मधोमध चिकटपट्टी. खिडकीतल्या बाईंनी चिठ्ठीवर शिक्का मारला आणि सांगितलं, "पंधरा दिवस चालेल ही चिठ्ठी. सानपाड्याला एक सेंटर आहे, तिथल्या मॅडम कार्ड घेतात. बाकीच्यांचं तुमचं तुम्ही बघा."

"सानपाडा नको," आई म्हणाली.

"का?" बाईंनी आणि मी एकदमच विचारलं.

आई चिठ्ठी घेऊन चालायला लागली. रिक्षात बसल्यावर, पदर नीट करत करत तिनं कारण सांगितलं. "तितं मना सगली वलखतात. कोनी बगला का माजा हात गेलाय, तं उद्याच दुसरीचे पाटीवर. मंग बरा झाला तरी कोन येतो परत?" मी म्हटलं, माणसं इतकी वाईट नसतात. ती म्हणाली, "वाईट नसतात गं. त्यांना पन जेवाचा असतो ना." म्हटलं, बरं बाई, सानपाडा सोडून कुठंही.

हे बोलताना मला वाटलं होतं की नवी मुंबईत एमआरआयची सेंटरं पैशाला पासरी आहेत. प्रत्येक वस्तीत दोन चौक सोडून एखादी निळी पाटी दिसतेच. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत झाकणांच्या खोक्यांमागे बसून मी फोन लावायला घेतले.

पहिला फोन वाशीत. पोरगी गोड बोलत होती. "हो मॅडम, कार्ड चालतं. पण सध्या आमच्याकडे रेडिओलॉजिस्ट नाहीत. सोडून गेले."

"मशीन आहे का?"

"मशीन आहे ना."

"मग काढा की फोटो."

"काढू मॅडम, पण वाचणार कोण?"

तोपर्यंत माझी समजूत होती की बटण दाबतो तोच डॉक्टर. बटण दाबणारा वेगळा, आणि आलेली चित्रं बघून आत काय बिघडलंय ते लिहिणारा वेगळा, हे मला तेव्हा कळलं. त्या लिहिण्यावर सही लागते, आणि ती सही करणारा माणूस विम्याच्या यादीत असावा लागतो. थोडक्यात, मला मशीन शोधायचंच नव्हतं, माणूस शोधायचा होता. मी वहीत "वाशी" खोडलं.

ऐरोलीचा नंबर लागेना म्हणून शनिवारी आईला मागे बसवून स्कूटरवरून प्रत्यक्षच गेलो. पत्त्यावर नृत्याचे क्लास चालू होते. आतून धिनक धिनक ऐकू येत होतं. तिथल्या बाईंनी आमच्या हातातली चिठ्ठी बघूनच मान हलवली. "दोन-चार दिवसाआड कुणी ना कुणी येतं हो. सेंटर कधीच गेलं." मग त्यांनी आईला खुर्ची दिली, पाणी दिलं. आईनं पेला दोन्ही हातांनी धरला. घरी येताना ती म्हणाली, "बाई भली व्हती. पन पोरींचे पाय चुकत व्हते."

नेरूळला मात्र माझा तोल गेला. तिथं मशीन होतं, माणूस होता, यादीत नाव होतं, सगळं होतं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "कार्डवाल्यांना पुढची तारीख दोन महिन्यांनी. रोख भरणार असाल तर आज चारला या."

"मशीन तेच ना?"

"हो."

"मान तीच ना?"

ती बिचारी आवाज खाली करून म्हणाली, "सर म्हणतात, सरकारकडून बिलं फार उशिरा मिळतात."

"माझ्या पगारातून मात्र अगदी वेळेवर जातात," मी म्हटलं, आणि बरंच काही म्हटलं. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मलाही तो थांबवता येत नाही. बसलेल्या सगळ्या माणसांनी मोबाइलमधून माना वर केल्या. आईनं डाव्या हातानं माझी ओढणी ओढली आणि उजवा हात पुढे केला. "ही पाटली मोर आनि भर रोख. चल."

मी नाही म्हटलं. इथं मला जरा थांबून खरं सांगायला हवं. पाटली मोडली असती तर त्याच दिवशी चार वाजता काम झालं असतं. मी तिला सांगितलं की सोनं मोडायचं नाही, बाबांनी घेतलेलं आहे, वगैरे. खरं कारण तेवढंच नव्हतं. माझ्या हक्काचं आहे ते मी हक्कानंच घेणार, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. एकदा माझ्या डोक्यात काही बसलं की ते काढायला आमच्या कारखान्यातले साहेबसुद्धा घाबरतात. जिद्द माझी होती आणि हात तिचा होता. त्याची मला आजही लाज वाटते.

दिवस जात होते. कारखान्यातल्या साहेबांनी "मी बोलतो कुणाशी तरी" म्हटलं आणि ते अजून बोलताहेत. आई डाव्या हातानं चमच्यानं जेवायला लागली होती. चमच्यानं मासळी खाणारी माझी आई बघणं म्हणजे शिक्षा होती. काटा काढता येईना म्हणून तिनं मासळी बंद केली आणि वरणभातावर आली. "बरा लागतो," म्हणायची. चिठ्ठीचे तीन दिवस उरले तेव्हा मी वही मिटली.

"आये, सानपाडा."

ती म्हणाली, "बुधवारी नको. बुधवारी बाजार भरलेला असतो." आम्ही गुरुवारी गेलो. रिक्षा तिच्या कोपऱ्यावरून न नेता मागच्या रस्त्यानं नेली. आईनं पदर असा ओढून घेतला होता की रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं.

सेंटर एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. मी छाती काढून कार्ड काउंटरवर ठेवलं, भांडायच्या पूर्ण तयारीत. काउंटरवरच्या माणसानं कार्ड बघितलं, चिठ्ठी बघितली, शिक्का बघितला आणि म्हणाला, "बसा. अर्ध्या तासात नंबर लागेल." एवढंच. मला तर चुकल्याचुकल्यासारखंच वाटलं. पंधरा दिवस साठवलेली वाक्यं तशीच घशात राहिली.

मी फॉर्म भरत होते तेवढ्यात आतलं दार उघडून एक पन्नाशीच्या बाई बाहेर आल्या. चष्मा, कापलेले केस, पांढरा कोट. काउंटरवरच्या माणसाला काहीतरी सांगून आत गेल्या. तो त्यांना मॅडम म्हणाला. माझ्या शेजारची खुर्ची एकदम हलकी झाली. बघते तर आई जिन्याच्या दारात.

"कुठं चाललीस?"

"घरा. घोलवाली हाय ती!"

"कोण?"

"ती. पांढरा कोटवाली. बुधवारची घोलवाली."

मी जिन्यात उभी राहून हसावं की रडावं ते ठरवत होते. पंधरा दिवस अख्खी नवी मुंबई पालथी घातली आणि कार्ड घेणारी जी एक रेडिओलॉजिस्ट मिळाली ती आईला वर्षानुवर्षं दर बुधवारी भेटत होती. आईनं तिला एकदा, फक्त एकदा, विचारलं असतं की बाय, तू करतेस काय, तर? पण आईला घोळ ठाऊक होती, बाकी काही ठाऊक असायची गरज पडली नव्हती. माझा पारा चढला. मी तिला म्हटलं, "आता तू खाली उतरलीस ना, तर मी तुझ्या कोपऱ्यावर जाऊन सगळ्यांना सांगेन की मावशी उरणला नाही, घरात आहे." हे वाईट बोललं गेलं. आईचे डोळे भरले. मी लगेच तिचा हात धरला, तोच उजवा, तो माझ्या हातात नुसता पडून राहिला.

शेवटी तह झाला. आई येईल, पण बोलणार नाही. जे काय बोलायचं ते मी. आवाजावरून तर कुणीही ओळखेल, अर्ध्या सेक्टरला तिचा आवाज पाठ आहे. फॉर्मवर कामाच्या रकान्यात मी "गृहिणी" लिहिलं आणि आईनं समाधानानं मान डोलावली.

मशीनमध्ये जायच्या आधी अंगावरचं सगळं धातूचं काढायचं होतं. कानातलं निघालं, जाड पाटल्या निघेनात. मी नळाखाली साबण लावून लावून त्या काढल्या. गुलाबी अंगरखा घातला, केस सोडले. बिनसोन्याची, बिनपदराची आई मी कधी बघितली नव्हती. आता तिला कुणी ओळखेल ही भीतीच नव्हती, मलाच तिची ओळख पटत नव्हती. आत जाताना ती एखाद्या शाळकरी पोरीसारखी दिसत होती. अर्ध्या तासानं बाहेर आली आणि माझ्या कानात पुटपुटली, "आत कोनतरी भिंत फोरतोय."

मग मॅडमनी आत बोलावलं. खोलीत अंधारच होता, दोन मोठे पडदे आणि त्यावर आईची मान, करड्या रंगाची. "बसा आजी," त्या म्हणाल्या. ओळख नव्हती. आईनं माझ्याकडे विजयानं बघितलं. त्यांनी आपली दोन बोटं आईच्या हातात दिली. "दाबा." आईनं दाबलं. "जोरात." आईनं ओठ चावून दाबलं. त्यांनी बोटं सहज काढून घेतली.

"हे कधीपासून?"

"तीन आठवडे झाले," मी म्हटलं. "कोयता पडला तेव्हापासून. म्हणजे, भाजी चिरताना."

त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग परत माझ्याकडे. "तीन आठवड्यांचं वाटत नाही मला. इथं नस दबलीय, आणि आतमध्ये हा पांढुरका भाग दिसतोय ना, त्यावरून त्रास जुना असावा. नीट आठवा. ऑपरेशनवाले डॉक्टर यावरूनच ठरवतील, किती घाई करायची ते. मी चुकीचं लिहिलं तर नुकसान आजींचं होईल."

"तीन आठवडेच," मी म्हटलं. मला काय माहीत होतं? मी जे बघितलं तेच सांगत होते. "आधी काही नव्हतं. आम्ही एकाच घरात राहतो, मला कळलं असतं."

मॅडम लिहायला लागल्या.

"होलीपासून," आई म्हणाली.

गणपती नुकतेच गेले होते. मी तिच्याकडे वळले, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती मॅडमच्या हाताकडे बघत होती, पेनाकडे. "होलीचे आधी मुंग्या येत व्हत्या. होलीनंतर जोर गेला. मंग मी दोनी हातांनी कोयता धरून कापत व्हते. ह्या पोरीला नाय माहीत."

मॅडमची खुर्ची गर्रकन फिरली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मावशी?"

आईनं हात मागे घेतला.

"तुम्ही तर उरणला गेलाय ना?"

"आले," आई म्हणाली.

मला हसू फुटलं, आणि मॅडमनाही फुटलं, पण त्यांचं पुरतं झालं नाही. त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "होळीपासून तुकडे कमीजास्त येत होते. एक जाड, एक पातळ. आम्ही घरी म्हणायचो, मावशींना हल्ली घाई असते. मी दिवसभर इथं बसून हेच बघते हो. आणि तुमच्या समोर पिशवी धरून उभी राहायचे."

त्यांना जेवढं वाटलं त्याहून मला जास्त वाटलं, कारण मी तर तिच्या घरात राहते. होळीनंतर आईनं तांदळाच्या भाकऱ्या थापणं बंद केलं होतं. म्हणायची, आता पोटाला सोसत नाहीत. मी तिला आळशी म्हटलं होतं, एकदा नाही, पुष्कळदा. कोपऱ्यावरच्या दुकानातून चपात्या आणताना दर वेळी म्हटलं होतं. ते सगळं त्या अंधाऱ्या खोलीत मला आठवलं आणि मी तिथंच रडले. आई मला म्हणाली, "गप. तिला लिवू दे."

मॅडमनी "तीन आठवडे" खोडून "सहा महिने" लिहिलं. गृहिणी खोडून मासळी विक्रेती लिहिलं. आईनं तेही बघितलं आणि विचारलं, "कोयता धरता येल का परत?"

"ते मला नाही सांगता येणार मावशी. मला आत काय आहे ते दिसतं, पुढचं नाही दिसत. पण आजच जा. मी तिथल्या डॉक्टरांना फोन करते, रिपोर्ट आत्ता हातात देते." त्यांनी फोन लावला. तो लागेपर्यंत आईला राहवलं नाही.

"मंग घोल कोनाकरशी घेतली?"

मॅडमनी फोन कानाला लावूनच मान खाली घातली. "शेजारच्या बाईंकडून."

"बर्फातली आसते तिची," आई म्हणाली. पण तिचा राग खरा नव्हता.

ऑपरेशन त्याच कार्डावर झालं, दहा दिवसांत. मी कुठंही भांडले नाही, वेळच आली नाही. नंतर व्यायाम सुरू झाले. रबरी चेंडू दाबायचा, कणकेचा गोळा दाबायचा, दोरीच्या गाठी सोडायच्या. आई कणकेला शिव्या द्यायची. तीन बोटं परत आली. करंगळी आणि तिच्या शेजारचं, ही दोन बोटं मात्र अर्धी जागी, अर्धी झोपलेली राहिली. डॉक्टर म्हणाले, आणखी आधी आला असता तर कदाचित तीही आली असती. हे ते सहज म्हणाले, पण मी पंधरा दिवस मोजले आणि आईनं सहा महिने मोजले असणार.

माघ सरता सरता ती परत कोपऱ्यावर बसली. पहिल्या बुधवारी मी रजा टाकून सोबत गेले. शेजारणीनं सगळ्या सेक्टरला बातमी आधीच पुरवली होती, त्यामुळे लपवायचं काही उरलं नव्हतं. बोंबीलवाले काका आले, त्यांना कापायचं काम नसतं. मुंडकीवाला आला नाही. तो पलीकडच्या गल्लीतून जाताना मला दिसला, त्याच्या हातात पिशवी होती. आईलाही दिसला. तिनं मासळीवर पाणी शिंपडलं आणि त्या बाजूला बघायचं टाळलं.

मॅडम साडेदहाला आल्या. मी म्हटलं, "मी कापून देते." आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे झाले. तिनं घोळ फळीवर घेतली आणि कोयता उचलला. जिथं तिला पाच मिनिटं लागायची तिथं बराच वेळ लागला. मागे रांग लागली. एक बाई घड्याळ बघून शेजारणीकडे गेली. मॅडम दवाखान्याचा फोन दोनदा बंद करून तशाच उभ्या राहिल्या. त्या माशाकडे बघत नव्हत्या, आईच्या बोटांकडे बघत होत्या. आठ तुकडे झाले. पाच चांगले. तीन कुठं जाड, कुठं पातळ, एकाच्या कडेला कोयता घसरल्याची खूण.

आईनं पाच पिशवीत भरले आणि तीन बाजूला सारले.

"सगळे द्या मावशी," मॅडम म्हणाल्या.

"ते नाय देनार."

"मला चालतात."

"मना नाय चालत," आई म्हणाली, आणि दुसरी घोळ काढून परत कापायला बसली. मॅडम पुन्हा थांबल्या.

ते तीन तुकडे आम्ही घरी आणले. आईनं हळद, मीठ, मसाला लावून तव्यावर टाकले. सगळ्यात जाड तुकडा तिनं माझ्या ताटात वाढला. वरून खरपूस झाला होता, आत मीठ पोचलंच नव्हतं, मधोमध तर अजून कच्चाच होता. आई डाव्या हातानं पाणी पीत माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कच्चा हाय ना?"

"नाय गं," मी म्हटलं, आणि तो शेवटच्या काट्यापर्यंत खाल्ला.